थायरॉइडची गोळी आणि हृदयाचा ताल

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक सल्ला सर्रास ऐकू येतो: वजन उतरत नसेल तर थायरॉइडची गोळी थोडी वाढवून बघा. इवलीशी गोळी, मायक्रोग्रॅममध्ये मोजायची, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. मला वाटते, आणि ती हृदयासाठी.

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी-४ हे संप्रेरक (हार्मोन) बनवते. गोळीतही तेच असते. शरीरात आयोडीनचा एक अणू गमावून त्याचे टी-३ होते आणि खरे काम तेच करते. पेशीच्या केंद्रकात कोणती जनुके चालवायची, कोणती दाबायची, यात त्याचा हात असतो.

हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, वरच्या बाजूला सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. प्रत्येक ठोक्यानंतर या पेशींत सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, हळूहळू झिरपतात. विद्युतदाब ठरावीक पातळीला पोचला की पुढचा ठोका पडतो. ही झिरप पेशीच्या आवरणातल्या एचसीएन नावाच्या वाहिन्यांतून होते. टी-३ वाढले की या वाहिन्या जास्त बनतात, पातळी लवकर गाठली जाते आणि नुसते बसलेल्या माणसाची नाडीही शंभरीकडे झुकते. झोपेतसुद्धा ती पुरेशी उतरत नाही.

पण नुसता वेग वाढणे म्हणजे ताल बिघडणे नव्हे. ठोका पडल्यावर अलिंदातली पेशी थोडा वेळ नव्या विद्युतलाटेला दाद देत नाही. म्हणूनच निरोगी अलिंदात लाट एकदा सगळीकडे फिरते आणि विझते. मागे वळावे तर पेशी अजून विश्रांतीत असतात. टी-३ पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या काही वाहिन्या वाढवते, त्यामुळे हा विश्रांतीचा काळ आखडतो. आता वळलेल्या लाटेला पुन्हा सज्ज झालेल्या पेशी भेटतात. ती गोल फिरत राहते, फुटते, तिच्या अनेक होतात. फुप्फुसांतून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असलेल्या पेशी अवेळी संदेश सोडून त्यात भर घालतात. अलिंद नीट आकुंचन न पावता नुसते थरथरते. हेच एट्रियल फिब्रिलेशन. त्यात रक्त साचते, गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात.

संप्रेरक जास्त झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, रक्तात कमी होते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम येथील साठीपुढच्या लोकांचा अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी असलेल्यांत दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण २८ टक्के होते. टीएसएच नॉर्मल असलेल्यांत ११ टक्के.

उलट टोक, म्हणजे संप्रेरक कमी पडणे, तेही वाईटच. मोबाइलवर फिरणारा ‘धन्याच्या पाण्याने थायरॉइड मुळासकट बरा’ हा दावा खोटा आहे. धन्याचे पाणी खुशाल प्या, पण त्यापायी गोळी बंद केलीत तर नाडी मंदावते, ईसीजीतला क्यूटी काळ (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि क्वचित त्यातूनही घातक तालबिघाड होतो.

एट्रियल फिब्रिलेशन पहिल्यांदा आढळले की टीएसएच तपासायलाच हवे. दोष थायरॉइडचा निघाला, तर त्यावरच्या उपचाराने काही महिन्यांत बऱ्याच जणांचा ताल आपोआप जागेवर येतो. तालासाठीच्या अमिओडॅरोन या औषधात मात्र वजनाने ३७ टक्के आयोडीन असते आणि त्याने थायरॉइड दोन्ही बाजूंना, जास्त किंवा कमी, बिघडू शकते. ते सुरू करण्याआधी टीएसएच करा, पुढे दर सहा महिन्यांनी करत राहा.