बरोक संगीताची रेकॉर्ड: निवडताना, धुताना, ऐकताना

बरोक, म्हणजे साधारण 1600 ते 1750 या काळातलं युरोपीय संगीत. त्यातलं कितीतरी छोट्या जागांत वाजलं. लंडनमध्ये थॉमस ब्रिटन हा कोळसा विकणारा 1678 पासून स्वतःच्या कोळशाच्या वखारीच्या माळ्यावर मैफली भरवत असे. लायपझिगला संगीतकार बाख आपला वाद्यवृंद घेऊन त्सिमरमानच्या कॉफीगृहात शुक्रवारी रात्री आठ ते दहा वाजवत. आज लंडनचा ऑर्केस्ट्रा ऑफ द एज ऑफ एनलाइटनमेंट हेच संगीत पबमध्ये नेतो, आणि जुन्या गोव्यात माँतेच्या टेकडीवरच्या चॅपेलपाशी पाश्चात्त्य आणि भारतीय अशा दोन्ही संगीताचा महोत्सव भरतो. दहाबारा माणसं, एक खोली आणि चांगली रेकॉर्ड एवढ्यावर घरीही अशी बैठक जमते. फक्त रेकॉर्ड नीट पारखून घ्या.

पारख करायची ती हार्पसिकॉर्ड या त्या काळच्या पट्टीवाद्यामुळे. पियानोत हातोडी तारेवर आपटते, हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. प्रत्येक स्वर टोकदार सुरू होतो आणि लगेच विरतो. रेकॉर्डवरची खरखर त्या मधल्या शांततेत उघडी पडते. सिंफनीत खपून जाणारा ओरखडा इथे खपत नाही. म्हणून रेकॉर्ड दिव्याखाली तिरपी धरून बघा. केसासारख्या बारीक रेषा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, पण नखाला लागणारा ओरखडा दर फेरीला टकटक करणारच.

शेवटचे दोन-तीन ट्रॅक दुकानातच ऐका. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्या कमी जागेत तीच माहिती कोरलेली असते, त्यामुळे झिजलेल्या सुईने वाजवलेल्या रेकॉर्डचा आवाज आधी तिथे फाटतो: व्हायोलिन आणि सोप्रानोचा (उंच पट्टीतल्या गायिकेचा) ‘स’ चरचरतो. हा दोष धुऊन जात नाही. मधलं भोक केंद्रातून सरकलेलं असेल तर टोनआर्म (सुई धरणारा दांडा) दर फेरीला डावी-उजवीकडे डोलतो आणि ऑर्गनचे लांब स्वर हिंदकळतात. अशी प्रत घेऊच नका.

‘रेकॉर्ड हळू फिरते, सूर अर्ध्या स्वराने उतरलाय’ अशी तक्रार वारंवार येते. बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. जुन्या पद्धतीची वाद्यं वापरणारे अनेक वादक ‘ला’ हा स्वर 440 ऐवजी 415 हर्ट्झला लावतात. खात्री करायची तर स्ट्रोब डिस्क (रेघांची वर्तुळं छापलेली चकती) ठेवा. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी 180 रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं की वेग बरोबर. बल्ब जुन्या पद्धतीचा लावा, बऱ्याच एलईडीखाली रेघा दिसतच नाहीत.

लेबलांपैकी आर्खीव्ह प्रोडुक्त्सिओन (1947 पासून) आणि टेलिफुंकनची दास आल्टे वेर्क ही मालिका, या दोनांपासून सुरुवात करावी असं आमचं मत. आर्खीव्हच्या जुन्या प्रतींत ध्वनिमुद्रणाची तारीख, जागा आणि वाद्यांची नोंद असलेलं कार्ड असतं. हार्नोनकूर आणि लेओनहार्ट या वाद्यवृंद-संचालकांनी 1971 पासून काढलेल्या बाखच्या कँटाटांच्या (चर्चमधल्या गायन-वादनाच्या रचनांच्या) जुन्या संचांत पुस्तिकेबरोबर छापील स्वरलिपीही असते. ती हरवलेली असेल तर किंमत कमी करून मागा.

धुण्यासाठी चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरला बिनवासाच्या भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. लेबल कोरडं ठेवून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेनेच गोल फिरवा. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुसा आणि अर्धा तास उभी वाळवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात आणि नवी खरखर सुरू होते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना हे मिश्रण अजिबात लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, नवी पॉलिथीनची घ्या. मऊ पीव्हीसीचं कव्हर आपल्या दमट उष्णतेत रेकॉर्डवर धुरकट डाग सोडतं. रेकॉर्ड नेहमी उभ्या ठेवा, भिंतीला टेकवून नको. पावसाळ्यात कपाट महिन्यातून एकदा उघडून कव्हरांना हवा द्या, नाहीतर बुरशी आधी पुठ्ठ्याला धरते आणि मग आत उतरते.

बैठकीला तीन बाजू पुरतात. एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटांची, मध्ये कॉफी. आवाज कमी ठेवा: शेजारी बसलेला माणूस नेहमीच्या आवाजात बोलला तर हार्पसिकॉर्ड झाकला जावा इतकाच. मूळ वाद्य तेवढंच हळू आहे. आवाज वाढवला की तारेचा ठणका वाढतो, गोडवा नाही. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) पुस्तिकेत दिलाय तेवढाच ठेवा, बहुतेकांना दीड ते दोन ग्रॅम चालतो. खाच वाचवण्यासाठी भार आणखी कमी करू नका, हलकी सुई खाचेत उडते आणि जास्त खरडते.

जुनी सुई किती झिजलीय हे आम्ही दुकानातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मोफत पाहून देतो. कार्ट्रिज हेडशेलसकट (ते ज्यावर बसवतात त्या पट्टीसकट) आणा, सुईवर टोपी लावून.