सांबऱ्याची धावपट्टी आणि ‘ऑफ-रोस्टर’चा घोळ

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी हैदराबादहून बेळगावला आलेल्या डॅश-८ क्यू-४०० जातीच्या प्रवासी विमानाला तिथल्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टी २६ वर उतरण्याची परवानगी मिळाली होती. ते उतरले ०८ वर. विमान सुखरूप थांबले. कंपनीने दोन्ही वैमानिकांना ‘ऑफ-रोस्टर’ केले, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यातून काढले, आणि तपास सुरू झाला.

सांबऱ्याला धावपट्टी एकच, मग चुकीच्या धावपट्टीवर उतरले म्हणजे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. डांबराचा पट्टा एकच असला तरी त्याची टोके दोन आहेत आणि प्रत्येक टोकाला आपला आकडा आहे. होकायंत्राच्या अंशांतला शेवटचा आकडा गाळला की धावपट्टीचा क्रमांक मिळतो. पूर्वेकडे तोंड करून साधारण ८० अंशांवर उतरलात तर ०८, पश्चिमेकडे तोंड करून २६० अंशांवर उतरलात तर २६. टॉवरने, म्हणजे विमानतळाच्या नियंत्रण कक्षाने, २६ दिलेली असताना ०८ वर उतरणे म्हणजे एकेरी रस्त्यावर समोरून गाडी घालणे. त्याच क्षणी २६ च्या टोकाला दुसरे विमान उड्डाणासाठी उभे असते, तर दोन्ही एकमेकांसमोर आली असती. शिवाय धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते. उलट्या टोकाने उतरणाऱ्याला समोरचा वारा मिळत नाही, पाठीमागचा मिळतो. छोट्या विमानात पाठीमागच्या वाऱ्याच्या प्रत्येक २ नॉटमागे उतरण्याचे अंतर सुमारे १० टक्क्यांनी वाढते, असा हिशेब शिकवला जातो. सांबऱ्याची धावपट्टी वाढवून २,३०० मीटर केलेली असल्यामुळे क्यू-४०० सारख्या विमानाला तिथे जागा भरपूर मिळते. आखूड धावपट्टीवर हीच चूक महागात पडली असती.

ही चूक होते कशी, हे वैमानिकांना चांगले ठाऊक असते. उतरण्यापूर्वी कॉकपिटमध्ये ब्रीफिंग होते, त्यात धावपट्टी ठरते आणि उड्डाणाच्या संगणकात ती भरली जाते. नंतर टॉवर धावपट्टी बदलतो किंवा वैमानिकाने गृहीत धरलेलीपेक्षा वेगळीच देतो. तोंडाने नवा आकडा अचूक परत म्हटला जातो, पण हात आणि डोळे जुन्या आराखड्याप्रमाणेच चालतात. समोर धावपट्टी दिसली की मन सुटकेचा श्वास टाकते आणि पडताळणी थांबते. यावरचा उपाय दहा सेकंदांचा आहे. शेवटच्या टप्प्यात दिशादर्शकावर एक नजर टाकायची. २६ वर उतरायचे तर तिथे २६० च्या आसपास आकडा हवा. ०८० दिसला तर फरक थेट १८० अंशांचा आहे, तेव्हा ताबडतोब पूर्ण शक्ती देऊन गो-अराउंड करायचे, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जायचे. दिशादर्शकावरची हेडिंगची (विमानाच्या दिशेची) खूण आधीच धावपट्टीच्या दिशेवर लावून ठेवली तर ही नजर आपोआप जाते.

चुकीच्या जागी उतरण्याचा इतिहास जुना आहे. १९७२ मध्ये सांताक्रूझला जाणारे एक जपानी डीसी-८ विमान जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले होते. सांबऱ्याचा तळ त्याहून जुना, दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये बांधलेला. तिथे आजही हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. नागरी वाहतूक बरीच वर्षे तुरळक होती. २०१७ मध्ये नवी इमारत झाली, २०१९ पासून केंद्राच्या ‘उडान’ या विमानसेवा योजनेमुळे फेऱ्या वाढल्या आणि विमान उडवणे ही सीमाभागातल्या घरांमध्ये बोलली जाणारी नोकरी झाली.

आता घोळाच्या शब्दाकडे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात ‘पायलटला ऑफ-रोस्टर केले’ ही बातमी पोचते तेव्हा कधी ती ‘निलंबित’ होते, कधी ‘लायसन्स रद्द’, कधी ‘नोकरी गेली’. हे चार वेगवेगळे निर्णय आहेत. ते घेणारे वेगळे आहेत आणि त्यांतून परत येण्याचे रस्तेही वेगळे आहेत.

रोस्टर म्हणजे ड्युटीचा तक्ता. ऑफ-रोस्टर म्हणजे कंपनीने त्या तक्त्यातून नाव काढले. कायद्याच्या दृष्टीने ही शिक्षा नाही. लायसन्स वैध असते, नोकरीही कायम असते. फक्त विमान हातात दिले जात नाही. ‘ग्राउंड केले’ हा बोलीतला शब्द यालाच वापरतात, पण वैद्यकीय कारणाने थांबवले तरी तोच वापरतात, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. निलंबन करतो तो नियामक, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), १९३७ च्या विमान नियमांतील नियम १९ खाली. त्याआधी कारणे दाखवा नोटीस येते, वैमानिकाचे म्हणणे ऐकले जाते आणि मुदत लेखी ठरते. लायसन्स रद्द होणे ही त्यापुढची पायरी. आणि कंपनीने कामावरून काढणे हा मालक-नोकरातला करार मोडण्याचा विषय आहे, त्यासाठी लायसन्सला हात लागलेला असण्याची गरज नाही. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, पण कंपनीचा हात आणि नियामकाचा हात हा फरक तसाच आहे.

कागदावर सौम्य दिसणारे ऑफ-रोस्टर प्रत्यक्षात का बोचते, हे बाहेरच्याला सहज कळत नाही. वैमानिकाच्या पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो. तास थांबले की महिन्याची रक्कम उतरते, कर्जाचा हप्ता मात्र तोच राहतो. दुसरे म्हणजे घड्याळ थांबत नाही. प्रवासी घेऊन उडायचे तर मागच्या ९० दिवसांत किमान ३ उड्डाणे आणि ३ उतरणी झालेली असावी लागतात. ती मुदत उलटली की आधी सिम्युलेटर. सहामाही प्रावीण्य चाचणीची तारीख जवळ येत राहते. वैद्यकीय तपासणीची मुदतही सरत राहते. चौकशी चार महिने लांबली तर निर्दोष ठरलेला माणूसही दुसऱ्या दिवशी कॉकपिटमध्ये बसू शकत नाही. सह-वैमानिकाचे नुकसान आणखी वेगळे. कॅप्टन होण्याच्या रांगेत त्याचा क्रमांक मागे सरकतो आणि तो सहसा पुन्हा पुढे येत नाही.

खरा वाद मात्र वेळेचा आहे. अपघात-तपासाचा आंतरराष्ट्रीय दंडक सांगतो की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नाही. त्याच दंडकाच्या यादीत न नेमलेल्या धावपट्टीवर उतरणे ‘गंभीर घटना’ म्हणून येते, मग कुणाला इजा झालेली असो वा नसो. म्हणजे सांबऱ्याच्या त्या प्रकाराची चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात अतिशयोक्ती नव्हती. पण चौकशीचा पहिला कागद तयार होण्याआधीच दोन्ही वैमानिक तक्त्याबाहेर जातात आणि तेच दिवसभर बातम्यांत फिरते. कंपन्यांची बाजू अशी, की घटनेनंतर माणूस हादरलेला असतो, त्याला त्याच दिवशी पुन्हा उडवणे धोक्याचे. ती बाजू पहिल्या काही दिवसांपुरती पटते. महिनोन्‌महिने, मुदत न सांगता तेच चालू राहिले तर त्याला शिक्षाच म्हणावे लागेल, आणि तिच्यावर अपीलही करता येत नाही. त्यातून विमानतळाच्या कँटीनमध्ये बसलेला प्रत्येक तरुण सह-वैमानिक एकच धडा घेतो, की झालेले कळू द्यायचे नाही. स्वेच्छेने चूक कळवण्याची व्यवस्था तिथेच अडकते. कॉकपिटमधले बोलणे नोंदवणाऱ्या यंत्रात बऱ्याच विमानांत शेवटचे दोन तासच राहतात. घटनेनंतर त्याचा ब्रेकर (वीज तोडणारी कळ) वेळेवर ओढला नाही आणि विमान पुढच्या फेरीला गेले, तर चूक का झाली हे सांगणारा आवाजच पुसला जातो.

‘ऑफ-रोस्टर’ हा शब्द ज्या वर्षांनी मराठी बातम्यांत रुळवला ती २०१७ ते २०१९. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या विमानाची चाके उड्डाणानंतर वर घ्यायचीच राहिली. उंची आणि वेग मिळेना, इंधन भराभर जळू लागले, शेवटी नागपूरला उतरावे लागले. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबई-जयपूर विमानात केबिनचा हवेचा दाब राखणाऱ्या ब्लीडचा स्विच चालू केला गेला नाही. विमान चढत गेले, मास्क खाली आले, तीसहून जास्त प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. पुढच्याच महिन्यात तिरुचिरापल्लीहून निघालेल्या विमानाने आवाराच्या भिंतीला धडक दिली आणि ते मुंबईपर्यंत आले. तिन्ही वेळा वैमानिक तक्त्यातून बाहेर गेले. जुलै २०१९ च्या पावसात विमाने धावपट्टीवरून घसरण्याचे प्रकार लागोपाठ झाले, तेव्हा नियामकाने थेट निलंबनाचा मार्ग धरला. नागपूर आणि जयपूरचे प्रकार एकाच जातीचे आहेत. उड्डाणानंतरची चेकलिस्ट म्हटली जाते, पण बोट स्विचपर्यंत जात नाही. ‘गिअर अप’ (चाके वर), ‘ब्लीड्स ऑन’ (ब्लीड चालू) हे शब्द पाठ असतात, म्हणून न बघताच उच्चारले जातात.

दारूच्या चाचणीत मात्र संदिग्धता नाही, आणि नसावी. ड्युटीआधी १२ तास मद्य वर्ज्य, श्वासचाचणीचा आकडा शून्यच हवा. पहिल्यांदा दोषी ठरल्यास ३ महिने निलंबन, दुसऱ्यांदा ३ वर्षे, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. २०२३ च्या सुधारणेत अल्कोहोल असलेले माउथवॉश आणि दातांचे जेलही वर्ज्य झाले. म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे घटक वाचणे हा आता नोकरीचा भाग आहे.

कधी एखादी साधी चूक दडलेला गुन्हा उघड करते. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकावर आदळून उतरले. चौकशीत उतरण्याची सवय तपासली गेली, मग कागदपत्रे, आणि गुणपत्रिका बनावट निघाली. त्यानंतर देशभर लायसन्सची छाननी झाली. न उडवलेले तास लॉगबुकात भरण्याला वैमानिक ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. त्या वर्षी असे तासही सापडले.

बेळगावच्या घरांशी याचा थेट संबंध २०२१ मध्ये आला. देशातल्या पाच विमानतळांवर नव्या उड्डाण-प्रशिक्षण संस्थांना जागा मिळाल्या आणि त्यांतल्या दोन सांबऱ्याला आल्या. व्यावसायिक लायसन्ससाठी २०० तास लागतात, त्यांत १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून. घरावर किंवा शेतीवर कर्ज काढून मुलगा-मुलगी इथे येते.

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३६ अंश तापमान असले, तर इंजिन आणि पंखांना हवा ५,६०० फुटांवरच्यासारखी विरळ भेटते. किनाऱ्याजवळ शिकलेला विद्यार्थी मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण) पूर्ण रिच, म्हणजे जास्त इंधनाचे, ठेवूनच उड्डाण करतो, इंजिन अडखळते आणि चढण मंदावते. मिश्रणातले इंधन आधी कमी करून (लीन करून) इंजिन जास्तीत जास्त आरपीएमवर, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्यांवर, आणावे लागते. उतरताना जमीन वेगाने धावताना दिसते, म्हणून तो वेगदर्शकाकडे न बघता योक (विमानाचे सुकाणू) ओढतो आणि विमान उंचावरून धपकन बसते. वेगदर्शकावरचा आकडा नेहमीचाच ठेवायचा, जमिनीवरचा वेग जास्तच असणार. प्रशिक्षणातल्या जोरदार उतरणीची नोंद फाइलमध्ये राहते आणि कंपनीच्या मुलाखतीत तिच्याबद्दल विचारले जाते.

प्रत्येक आपटणे चूक नसते, हेही याच भागाने पाहिले. मे २०२३ च्या अखेरीस सांबऱ्याहून उडालेले एक प्रशिक्षण विमान होनिहाळजवळ शेतात उतरवावे लागले. आतले दोघे किरकोळ जखमांवर बचावले. एका इंजिनाच्या विमानाची शक्ती गेली की आधी नाक खाली करून सरकण्याचा वेग धरायचा, सेसना १७२ मध्ये तो ६५ ते ६८ नॉट. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर वारा नसताना ७-८ किलोमीटर मिळतात. तेवढ्यात शेत निवडायचे. उभा ऊस टाळायचा, नांगरलेले असेल तर सरींच्या दिशेने उतरायचे, आडवे गेलात तर पुढचे चाक सरीत अडकून विमान उलटते. मग इंधन, मिक्श्चर, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे यंत्र) तपासून इंजिन एकदा सुरू करून बघायचे, १२१.५ या आणीबाणीच्या रेडिओ वारंवारतेवर ‘मेडे’ हा संकटाचा संदेश द्यायचा, शेवटी इंधन आणि वीज बंद करून दार किलकिले ठेवायचे. हे सगळे नीट करून शेतात उतरलेल्या वैमानिकाचे नावही बातमीत ‘अपघातग्रस्त’ म्हणूनच येते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली, तेव्हा नियामकाने त्या संस्थेचे सगळ्या तळांवरचे उड्डाण थांबवले. त्यात बेळगावही होते. इथल्या विद्यार्थ्यांनी बारामतीचे विमान पाहिलेही नव्हते, पण त्यांचे तास तिथेच अडकले. लायसन्सच्या अर्जाआधीच्या उड्डाणचाचण्यांना मुदत असते आणि कर्जाच्या हप्त्याला तारीख असते. त्या आठवड्यांत सांबऱ्याच्या हँगरसमोर उभ्या विमानांचे पंख दोरखंडाने जमिनीला बांधलेले होते.