उरलेला उंदीर (सर्पपालन)

पाळीव सापासाठी जिवंत आणलेला, पण सापाने न खाल्लेला उंदीर. सर्पपालनात हा प्रसंग वारंवार येतो आणि त्याची तयारी सहसा कुणाची नसते. पेटीचे तापमान, कात, वजन यांची वही ठेवणारा पालकही कोपऱ्यात मिशा पुसत बसलेल्या उंदराचा विचार साप तोंड फिरवून बसल्यावरच सुरू करतो. तोवर रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि उंदीर जिथून आणला ते दुकान बंद झालेले असते.

मराठीत लहान काय, मोठा काय, दोन्ही उंदीरच. धंद्यात मात्र ‘माउस’ आणि ‘रॅट’ हे दोन वेगळे माल आहेत. माउस म्हणजे घरउंदराची (मस मस्क्युलस) पांढरी पाळीव जात, वजन २० ते ४० ग्रॅम. रॅट म्हणजे गटारात दिसणाऱ्या तपकिरी उंदराची (रॅटस नॉर्व्हेजिकस) पांढरी जात. पूर्ण वाढलेला नर ३०० ग्रॅमच्या पुढे सहज जातो. वयानुसार आणखी नावे पडतात: केस नसलेले, डोळे मिटलेले गुलाबी पिल्लू ‘पिंकी’, अंगावर लव आलेले ‘फझी’, डोळे उघडून उड्या मारू लागलेले ‘हॉपर’. उरलेल्या उंदराचे काय करायचे ते बरेचसे या नावांवरच ठरते. पिंकी सापाला काही करू शकत नाही, पण आईच्या उबेविना लवकर गारठतो. मोठा रॅट काही दिवस एकटा तग धरतो. त्याच्यासोबत रात्रभर ठेवलेला साप सकाळी धड असेल याची मात्र खात्री देता येत नाही.

सापाची नोंद, उंदराची नाही

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते घरी ठेवणे गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. त्यामुळे बडोद्यासारख्या शहरात ‘माझ्याकडे साप आहे’ असे कुणी उघडपणे सांगतो तेव्हा तो बहुधा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन किंवा उत्तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक असतो. बॉल पायथन हा साइटिस (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातला प्राणी. वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) अशा प्राण्यांची स्वतंत्र अनुसूची आली, २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले आणि सापाचा ताबा, हस्तांतर, जन्म, मृत्यू हे सगळे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर कळवणे आले.

त्याच्यापुढे टाकलेल्या उंदराची नोंद कुठेच होत नाही. हाच पांढरा रॅट शहरातल्या एखाद्या औषधनिर्माण महाविद्यालयाच्या प्राणिगृहात असता, तर १९९८ च्या प्रयोगविषयक नियमांखाली त्याच्या पिंजऱ्याचे माप, दाणा, पाणी आणि शेवटी मरणाची पद्धतसुद्धा प्राणी-आचारसमितीने आधी तपासली असती. एकाच वंशाचे दोन उंदीर. एकाच्या मरणाची फाइल असते, दुसरा भोके पाडलेल्या डब्यातून स्कूटरच्या हुकाला लटकून घरी येतो.

अर्थात तो अगदीच कायद्याबाहेर नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पाळलेल्या उंदरालाही लागू पडतो. त्याच्या ११ व्या कलमात अनावश्यक क्रूर रीतीने मारणे, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे आणि केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून कोंडून ठेवणे हे तिन्ही गुन्हे आहेत. खाण्यासाठी प्राणी मारण्याला त्यात सूट आहे, पण ती माणसाच्या खाण्यापुरती. सापाच्या जेवणाचा उल्लेख नाही. मित्रांना बोलावून, मोबाइल रोखून ‘फीडिंग’ दाखवणारे तिसऱ्या गुन्ह्याच्या फार जवळ उभे असतात. यांपैकी कोणताही गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड १० ते ५० रुपये. आकडा कित्येक दशके जुना आहे, आणि आज तो नावापुरताच उरला आहे.

साप का खात नाही

कात टाकायला आलेल्या सापाचे डोळे दुधी-निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो बहुधा खात नाही. जागा बदलली, फार हाताळले, पेटी उघडीवाघडी वाटली तरी तेच. बॉल पायथन या बाबतीत बदनाम आहे: धडधाकट, वजन राखून असलेला प्राणी थंडीत दोनदोन महिने, कधी त्याहून जास्त उपाशी राहतो. बडोद्यात हे उत्तरायणाच्या आगेमागे हमखास घडते. पतंगांच्या दिवसांत रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर येतो, पेटीखालचे हीटिंग पॅड पुरे पडत नाही आणि थंड सापाला अन्न पचत नाही. बॉल पायथनच्या पेटीच्या उबदार टोकाला ३१-३२ अंश मिळत नसतील तर खायला घालण्याचाच विचार सोडावा. डोळे निळसर, वजन स्थिर, पारा खाली, एवढे दिसत असताना उंदीर आणणे म्हणजे उरलेला उंदीर विकत आणणे.

पेटीतला धोका

साप उंदराला खातो हे सगळ्यांना माहीत असते, उंदीर सापाला खातो हे पाहिल्याशिवाय पटत नाही. भूक नसलेला साप बऱ्याचदा स्वतःचा बचाव करत नाही. पहिला अर्धा तास उंदीर कोपरे हुंगतो, सापाच्या वेटोळ्यावर चढून स्वतःचे अंग चाटून साफ करतो. पाहणाऱ्याला ती दोस्ती वाटते. पेटीत दाणा नसतो, उंदराला तहान लागलेली असते, आणि मग तो समोर जे मऊ आहे ते कुरतडू लागतो. सुरुवात शेपटीने किंवा पाठीने होते. सकाळी पालक दार उघडतो तेव्हा पाठीवर खवल्यांच्या जागी खळगा असतो, कधी त्यातून मणका दिसतो, आणि साप तसाच वेटोळे घालून पडलेला असतो. अशा जखमा भरायला महिने लागतात. संसर्ग झाला तर सापही जातो.

म्हणून डोळे उघडलेला उंदीर पेटीत असेपर्यंत माणसाने तिथून हलायचे नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत सापाने झडप घातली नाही तर उंदीर बाहेर काढायचा. माउसला शेपटीच्या मुळाशी धरून क्षणभर उचलता येते. रॅटला शेपटीने कधीच उचलू नये: टोकाकडे धरले तर शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून हातात येते. एक रिकामा डबा किंवा पुठ्ठ्याची नळी समोर आडवी धरावी. भेदरलेला उंदीर आपणहून आत शिरतो.

सांभाळणे

उंदीर बाहेर आला की तो पुढच्या वेळेचा घास असो वा नसो, आजपासून पालकाच्या घरचा प्राणी झाला. त्याला जाळीच्या झाकणाचा डबा, कागदाच्या पट्ट्यांचे अंथरूण, दाणा आणि पाणी लागते. माउस दिवसाला ३ ते ५ ग्रॅम खातो आणि जेमतेम चमचाभर पाणी पितो; बाजरी, गहू, फुटाणे यांवर आठवडा सहज निघतो. देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्याच्या वासाच्या द्रव्यांनी श्वास आणि यकृत दोन्ही बिघडतात. जाळीचे भोक ६ मिलिमीटरच्या आतले हवे. डबा सापापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवावा: उंदराला सापाचा वास येत राहतो, सापाला उंदराचा, आणि दोघांनाही चैन पडत नाही.

बडोद्याचा मे महिना उंदरासाठी थंडीपेक्षा वाईट. उंदराच्या अंगाला घाम येत नाही. शेपटीतून आणि कानांतून उष्णता टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. बाहेर ४२ अंश असताना गच्चीखालच्या खोलीत ठेवलेला बंद प्लास्टिकचा डबा म्हणजे भट्टी. त्या दिवसांत डबा जमिनीवर, माठाशेजारी ठेवणारे लोक शहाणे.

दोन उंदीर उरले असतील तर नर कोणता आणि मादी कोणती हे आधी पाहावे. माउसचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा, एका वेतात सहा ते बारा पिल्ले, आणि व्यालेली मादी दिवसाभरात पुन्हा गाभण राहू शकते. अनोळखी दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. पिंकी उरला आणि त्याची आई हाताशी असेल तर तिच्याच अंथरुणात त्याला हलके घोळवून लगेच घरट्यात ठेवावे, बऱ्याचदा ती घेते. आई नसेल तर दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजून दोन-तीन दिवसांचे पिल्लू वाचवण्याचे प्रयत्न जवळजवळ नेहमी फसतात, आणि त्या दोन दिवसांत सगळे हाल पिल्लाचेच होतात.

विक्रेता परत घेत असेल तर विचारायला हरकत नाही. पण सापाच्या पेटीत जाऊन आलेला उंदीर पुन्हा कळपात सोडणे चांगला उंदीरपालक टाळतो आणि ते बरोबरच आहे; जो बिनदिक्कत घेतो त्याच्याकडून पुढचा माल घेताना विचार करावा.

‘सोडून दे बिचाऱ्याला’

दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागातल्या मराठी घरांत या प्रश्नाला एक तयार उत्तर असते. उंदीर बाप्पाचे वाहन. आजी म्हणते, ‘‘अरे, मारू नकोस रे त्याला. कमाटीबागेत सोडून ये.’’ नातवाला ते सोयीचे असते, कारण त्यात दयाही झाली आणि डबाही रिकामा झाला.

कमाटीबाग, म्हणजे सयाजीराव तिसऱ्यांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीकाठी उभारलेली सयाजीबाग. तिथे झाडे आहेत, कावळे आहेत, घारी, मांजरे आणि मुंगूसही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला, चुन्यासारखा पांढरा, माणसाची चाहूल लागताच पळण्याऐवजी जवळ येणारा उंदीर हिरवळीवर ठेवला की तो लपत नाही, तिथेच बसून मिशा पुसतो. बहुतेकांचा निकाल त्याच दिवशी लागतो. एखादा वाचलाच तर तो घरउंदरांच्या किंवा गटारातल्या उंदरांच्याच जातीचा असल्यामुळे त्यांच्यात मिसळतो, आणि पिंजऱ्यातली दुखणी बाहेर नेतो. हे मारणेच आहे, फक्त आपल्या डोळ्यांआड. वर सांगितलेले ‘सोडून देण्याचे’ कलम याच कृतीला लागू पडू शकते.

मारण्याची वेळ आली तर

उंदीर आजारी, जखमी किंवा आईविना राहिलेला असेल, अथवा सांभाळणे खरोखरच अशक्य असेल, तर त्याला वेदनेविना मारणे हा पशुवैद्यकात मान्य मार्ग आहे. घरोघरी जे चालते ते मात्र मान्य नाही. जिवंत उंदीर फ्रीझरमध्ये ठेवणे ही सर्वांत पसरलेली आणि चुकीची समजूत: ‘थंडीत झोप लागते’ म्हणतात, पण उष्णरक्ती प्राणी गोठताना शुद्धीत बराच वेळ झगडतो. पाण्यात बुडवणे तसेच. शेपटीला धरून फरशीवर आपटणे बाजारात झटपट समजतात. अननुभवी हाताने पहिला फटका चुकतो आणि मग दुसरा, तिसरा. व्हिनेगर आणि खायचा सोडा मिसळून घरी वायू बनवण्याची युक्तीही टाळावी: वायू किती वेगाने येतो यावर ताबा नसतो आणि आम्लाची वाफ उंदराच्या नाकाडोळ्यांना झोंबते.

पशुवैद्य आधी आयसोफ्लुरेनसारख्या भुलीच्या वायूने उंदराला बेशुद्ध करतात आणि मग पुढचे. प्रयोगशाळांत नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतात. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेनुसार तो डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के दर मिनिटाला एवढ्या वेगाने सोडायचा. आधीच भरून ठेवलेल्या डब्यात उंदीर टाकायचा नाही, कारण गाढ वायूचा पहिलाच श्वास नाक जाळतो. नवजात पिल्ले अपुऱ्या प्राणवायूतही चिवटपणे तग धरतात. पिंकीला या वायूत ५० मिनिटांपर्यंत लागू शकतात. हालचाल थांबली म्हणजे मेला असे धरून त्याला पिशवीत घालणाऱ्यांना पिशवीतून आवाज येतो तो यामुळेच.

मेलेलाच उंदीर आणणे

या सगळ्याला मुळापासून टाळणारी पद्धत प्राणिसंग्रहालयांत आणि परदेशी पालकांत रूढ आहे: आधीच वेदनेविना मारून गोठवलेला उंदीर. तो रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, पिशवीसकट कोमट पाण्यात ३७-३८ अंशांपर्यंत आणायचा आणि लांब चिमट्याने सापापुढे हलवायचा. मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. बाहेरून गार, आतून उकडलेला होतो आणि कधी फुटतो. जिवंत खाणाऱ्या सापाला ही सवय लावायला चार-पाच खेपा लागतात, कॉर्न स्नेक लवकर वळतो, बॉल पायथन पालकाचा अंत पाहतो. सापाने नाकारला तर सकाळपर्यंत फेकून द्यायचा, पुन्हा गोठवायचा नाही.

अडचण असते ती घरच्या फ्रीजची. श्रीखंडाच्या डब्याशेजारी उंदीर कोणत्याही मराठी घरात चालणार नाही, आणि या वादात आई म्हणते तेच शास्त्रही म्हणते: गोठवल्याने साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू मरत नाही. गोठवलेल्या उंदरांमुळे माणसांत साल्मोनेलाच्या साथी ब्रिटन व अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. वेगळा छोटा फ्रीझर, वेगळा चिमटा, साबणाने हात, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये वितळवणे नाही.

पालकाने स्वतःचा उरलेला उंदीर पशुवैद्याकडून मारून घेतला आणि तो नंतर सापाला घालायचा असेल, तर हे आधी सांगावे लागते. कार्बन डायऑक्साइडचा अंश मांसात राहत नाही, तो उंदीर गोठवून वापरता येतो. पेंटोबार्बिटाल या भुलीच्या औषधाचे इंजेक्शन दिलेला उंदीर मात्र सापाला घालू नये, कारण औषध मांसात टिकते आणि खाणाराही त्याने मरू शकतो. असा उंदीर कचऱ्याच्या गाडीत किंवा नदीकाठी टाकण्यासारखा नसतो. कुत्री आणि घारी उकरून काढणार नाहीत इतका, निदान दोन हात खोल, पुरून टाकावा लागतो.