‘प्रोरोग’: मुदतवाढीचे क्रियापद सत्र संपवू लागले ते कसे

संसदेचे कामकाज आटोपले की ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ असा मथळा ठरलेला. त्या दिवशी होते ते एवढेच, की पीठासीन अधिकारी सभागृह बेमुदत तहकूब करतात. सत्र खऱ्या अर्थाने संपते ते राष्ट्रपतींच्या आदेशाने, बहुधा काही दिवसांनी. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ मध्ये या कृतीसाठी इंग्रजी क्रियापद आहे ‘प्रोरोग’. मराठीत आपण सत्रसमाप्ती म्हणतो. राज्यांत हाच अधिकार अनुच्छेद १७४ ने राज्यपालांना दिला आहे.

गंमत अशी की मूळ लॅटिन ‘प्रोरोगारे’चा अर्थ संपवणे नव्हे, मुदत वाढवणे. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘रोगारे’ म्हणजे विचारणे. रोमन प्रजासत्ताकात विचारायचे ते नागरिकांच्या सभेला. अधिकारी जमलेल्या नागरिकांपुढे प्रस्ताव ठेवी, त्या प्रस्तावालाच ‘रोगातियो’ म्हणत. इ.स.पू. १३१ च्या पापिरियन कायद्याने कायद्यांवरचे मतदान गुप्त झाले, तेव्हा मतपाटीवर होकारासाठी ‘उती रोगास’, म्हणजे ‘तू विचारतोस तसे होवो’, याची आद्याक्षरे असत. नकारासाठी ‘आंतिक्वो’चे ‘आ’, म्हणजे जुने आहे तेच राहू दे.

इ.स.पू. ३२६ मध्ये क्विंतुस पुब्लिलियुस फिलो नेपल्सच्या वेढ्यात असतानाच त्याचे कॉन्सलपदाचे, म्हणजे रोमच्या वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या पदाचे, वर्ष संपत आले. सेनापती बदलला तर वेढा फसणार. म्हणून लोकांना विचारून युद्ध संपेपर्यंत त्याचा सेनाधिकार पुढे चालू ठेवला गेला. परंपरेने हीच पहिली ‘प्रोरोगातियो’ मानतात. ‘प्रोकॉन्सल’ हे पद इथूनच आले. पुढे अशी मुदतवाढ एकटे सिनेटच देऊ लागले. लोकांना विचारणे मागे पडले, शब्दातला ‘रोगारे’ मात्र राहिला.

फ्रेंचमार्गे हे क्रियापद १५व्या शतकात इंग्रजीत आले, तेव्हाही लांबवणे हाच अर्थ होता. लांबवणे आणि लांबणीवर टाकणे यांत अंतर थोडेच. शेक्सपियरचा रोमिओ ज्युलिएटला म्हणतो, की तुझ्या प्रेमावाचून मरण ‘प्रोरोग’ होण्यापेक्षा शत्रूंच्या हातून मेलेले बरे. तिथे अर्थ लांबणीवर पडणे. राजा पार्लमेंट बरखास्त न करता पुढच्या तारखेवर ढकली तेही ‘प्रोरोग’च. पार्लमेंट तेच राही, बैठक पुढे जाई, पण चालू सत्र तिथे तुटे. हा तुटण्याचा भागच आज मुख्य अर्थ झाला आहे.

वापरताना घोटाळा होतो तो ‘अ‍ॅडजर्न’शी. सभागृहाची बैठक तहकूब करणे, खटल्याची किंवा सोसायटीच्या सभेची तारीख पुढे ढकलणे, हे सगळे ‘अ‍ॅडजर्न’. सभागृहच विसर्जित होऊन निवडणूक लागली तर ‘डिझॉल्व्ह’. ‘प्रोरोग’चे कर्म म्हणजे पार्लमेंट, सभागृह किंवा त्याचे सत्र, एवढेच. क्रियापदाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जी-यू-ई येते, उच्चारात फक्त ‘ग’. ‘प्रोरोगेशन’ या नामात तो ‘यू’ गळतो. तो नामातही ठेवणे ही नेहमीची चूक.

फरक नुसता शब्दांचा नाही. ब्रिटनमध्ये सत्रसमाप्तीबरोबर प्रलंबित विधेयके पडतात, ठराव करून पुढे नेलेली तेवढी वाचतात. भारतात अनुच्छेद १०७(३) ने ती वाचवली आहेत, त्यामुळे ‘सत्र संपले, विधेयक बारगळले’ ही बातमी आपल्याकडे चूक ठरते. उलट दोन्ही सभागृहांचे सत्र चालू असताना राष्ट्रपतींना अध्यादेश काढता येत नाही. म्हणून कोणत्या सभागृहाची सत्रसमाप्ती कधी झाली, यावर विरोधकांची नजर असते.

या क्रियापदाची ताकद २०१९ मध्ये लंडनला दिसली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने पार्लमेंट सुमारे पाच आठवड्यांसाठी ‘प्रोरोग’ केले. हा राजाचा ‘प्रेरॉगेटिव्ह’, म्हणजे विशेषाधिकार. हा शब्दही ‘रोगारे’चाच: रोममध्ये ज्या मतदारगटाला सर्वांत आधी विचारत, तो ‘प्राएरोगातिवा’. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की तो सल्ला बेकायदा होता, सबब सत्रसमाप्ती झालीच नाही. दुसऱ्याच दिवशी सभागृह भरले, तेही त्याच जुन्या सत्रात.