नकोशा आवाजाची सवय खरोखर होते का?

सततच्या गोंगाटाने त्रासलेल्या माणसाला बहुतेक वेळा ‘होईल हळूहळू सवय’ एवढाच दिलासा मिळतो आणि तो अर्धाच खरा आहे. आपले कान झोपेतही काम करत असतात आणि कानावर पडलेल्या आवाजात काही धोका आहे का, याची चाचपणी मेंदू चालूच ठेवतो. रात्री जवळून अवजड वाहन गेले, तर झोपलेल्या माणसाला जाग आली नाही तरी त्याच्या हृदयाचे ठोके काही क्षण वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गाढ झोप उथळ होते. काही रात्रींनंतर जाग येण्याचे प्रमाण घटते. हृदयाची ही प्रतिक्रिया मात्र फारशी ओसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये रस्त्यावरील वाहतुकीचा, घराबाहेर मोजलेला रात्रीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली असावा अशी शिफारस केली, ती झोपेवरील अशा परिणामांचा विचार करूनच.

मुलांच्या बाबतीत तर ‘सवय होईल’ म्हणून गप्प बसणे अन्यायाचेच आहे. न्यूयॉर्कमधील एका शाळेच्या शेजारून उन्नत मार्गावरची रेल्वे जात असे. रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले सहावीपर्यंत वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास वर्षभर मागे पडतात, असे मानसशास्त्रज्ञ अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ साली दाखवून दिले. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या आणि वर्गांच्या छतांना ध्वनिशोषक तक्ते बसवल्यावर ही तफावत नाहीशी झाली. मुले तीच होती असे नव्हे, पण शाळा तीच होती आणि आगगाडीही तीच होती.

आवाजाचा त्रास केवळ त्याच्या मोठेपणावर ठरत नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत लोकांना १०८ डेसिबलपर्यंतचा कर्कश आवाज मध्येच, अनियमितपणे ऐकवला. त्यांतील काहींना आवाज बंद करण्याचे एक बटण दिले होते, मात्र शक्यतो ते वापरू नये असे सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबलेच नाही. तरीही नंतर दिलेली कोडी सोडवताना ते इतरांपेक्षा कितीतरी अधिक चिकाटीने टिकून राहिले. आवाज आपल्याला थांबवता येईल, ही जाणीवच पुरेशी ठरली. म्हणूनच शेजारच्या बांधकामाचे काम कोणत्या वेळेत चालणार हे आधी विचारून घेण्याला महत्त्व आहे: आवाज तेवढाच राहतो, पण तो अवचित अंगावर येत नाही.

घरात येणारा आवाज अडवायचा असेल, तर प्रथम फटी शोधाव्यात. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाच्या केवळ एक टक्का जागा उघडी राहिली, की आवाज सुमारे २० डेसिबलपेक्षा अधिक घटूच शकत नाही. खिडकीच्या चौकटीभोवतीची आणि दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवणे हा त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. आवाज १० डेसिबलने उतरला तर कानाला तो साधारण निम्मा वाटतो, हे लक्षात घेतले की या साध्या पट्टीचे मोल कळते. याउलट भिंतीला स्पंज चिकटवून बाहेरचा आवाज अडत नाही. स्पंज खोलीतला घुमणारा आवाज शोषतो, तर बाहेरचा आवाज रोखायला वजन लागते. जड पडदे या दोहोंच्या मधले. त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आवाज उलट लहरीने शमवणारे हेडफोन इंजिनाच्या घरघरीसारख्या संथ, एकसुरी आवाजावर उत्तम चालतात, पण बोलण्यावर तेवढे नाही. आणि एकाग्रता मोडण्यात माणसाच्या बोलण्याइतका त्रासदायक आवाज क्वचितच असतो, कारण कानावर पडलेल्या शब्दांचा अर्थ मेंदू आपल्या इच्छेविना लावत राहतो. अशा वेळी पंख्याच्या झोतासारखा सौम्य, सलग आवाज सोबतीला ठेवला, तर शब्द अस्पष्ट होतात आणि लक्ष त्यांच्यात अडकत नाही.

स्पंजचे इअरप्लग झोपेसाठी उपयोगी आहेत. ते बोटांनी वळून बारीक करावेत, कान वर आणि मागे ओढून आत सरकवावेत आणि फुगेपर्यंत धरून ठेवावेत. नुसते टेकवलेले प्लग फारसे काम करत नाहीत. मात्र दिवसभर ते घालून राहू नये. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग दोन आठवडे इअरप्लग वापरणाऱ्यांना नंतर नेहमीचे आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले, कारण कमी ध्वनी मिळू लागल्यावर श्रवणयंत्रणा आपली संवेदनशीलता वाढवून घेते. साधे घरगुती आवाजही असह्य वाटू लागले असतील किंवा कानात सतत गुणगुण होत असेल, तर प्लग वाढवण्याऐवजी कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.