लहान मुलांसाठी द्वितीय भाषा इंग्रजीचे पाठनियोजन

ज्यांची घरची भाषा इंग्रजी नाही अशा, साधारण तीन ते बारा वर्षे वयाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी तासिकेपूर्वी केलेली आखणी. मुले कोणती भाषा ऐकतील, त्यातली किती बोलतील, ती कशासाठी वापरतील, कोणती साधने लागतील, कृतींचा क्रम काय असेल आणि मुलांना जमले की नाही हे कशावरून कळेल, एवढ्या गोष्टी या आखणीत ठरतात. पाठटाचण हा तिचा लेखी भाग. तो अर्ध्या पानाचाही चालतो. विचार मात्र पूर्ण झालेला हवा.

प्रौढांना इंग्रजी शिकवण्याची आखणी थोडी सोपी करून मुलांपुढे ठेवली की काम भागते, असा समज अजूनही दिसतो. तो चुकीचा आहे. प्रौढ व्यक्ती परीक्षा, नोकरी, प्रवास अशा स्वतःच्या कारणासाठी भाषा शिकते. सहा वर्षांच्या मुलाकडे असे कारण नसते. नियम समजावून सांगितल्याने त्याला वाक्य बोलता येत नाही. पुष्कळदा त्याला अजून स्वतःच्या भाषेतही सलग वाचता येत नसते, त्यामुळे फळ्यावर लिहिलेला मजकूर त्याच्या उपयोगाचा नसतो. म्हणून इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची गरज त्या तासिकेतच निर्माण करावी लागते. लपवलेली वस्तू शोधायची आहे, गोष्टीत पुढे काय झाले ते जाणून घ्यायचे आहे, जोडीदाराच्या चित्रात काय आहे ते ओळखायचे आहे : अशी गरज आखणीत नसेल तर सुंदर चित्रकार्डे आणि गाणी असूनही तास पोकळ राहतो.

वय आणि वेग

एरिक लेनेबर्ग यांनी 1967 मध्ये भाषा शिकण्याच्या निर्णायक कालखंडाची, म्हणजे बालपणीच्या ठरावीक काळातच भाषा सहज आत्मसात होते अशी, कल्पना मांडली. तेव्हापासून ‘जितके लहान तितके चांगले’ हे वाक्य शाळांमध्ये रुजले. उच्चार आणि दीर्घकाळात मिळणारे प्रभुत्व यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. वेगाच्या बाबतीत नाही. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास 1978 मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने प्रगती केली ती किशोरवयीनांनी आणि प्रौढांनी. तीन ते पाच वर्षांची मुले सर्वांत मागे होती. लहान मुलांचा अभ्यासक्रम आखताना हे ध्यानात ठेवले की नव्या भाषेचे प्रमाण आपोआप कमी होते आणि पुनरावृत्तीचे वाढते.

बोलण्याची घाई हा दुसरा अडथळा. नव्या भाषेत आलेली अनेक मुले काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ बोलत नाहीत. या मौन काळात ती ऐकत आणि जुळवत असतात. स्टीफन क्रॅशन यांनी 1980 च्या सुमारास समजेल अशा भाषेच्या पुरवठ्यावर भर दिला. जेम्स आशर यांची 1960 च्या दशकात विकसित झालेली ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ पद्धत याच टप्प्याला नेमकी लागू पडते : शिक्षक आज्ञा देतो, मुले ती कृतीने पाळतात, बोलण्याची सक्ती नसते. क्रॅशन यांच्या सिद्धांतावर पुढे बरीच टीका झाली, आणि केवळ ऐकून अचूक बोलता येत नाही हा त्यातला आक्षेप रास्त आहे. तरीही बोलण्याआधी भरपूर ऐकणे ही गोष्ट बालवर्गाच्या आखणीत टिकून राहिली आहे आणि राहायला हवी.

मोठ्या मुलांबाबत चूक उलट दिशेने होते. जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते. दुसरीला पाच ते सात वर्षे, कधी त्याहून अधिक लागतात. मैदानावर सराईतपणे इंग्रजी बोलणारे मूल विज्ञानाच्या पाठात का अडखळते, याचा उलगडा यातून होतो. जिथे इतर विषयही इंग्रजीतून शिकायचे असतात, तिथे प्रत्येक पाठासाठी दोन उद्दिष्टे लिहिण्याची पद्धत म्हणूनच रूढ झाली : एक विषयाचे, एक भाषेचे. बीज कसे रुजते हे समजणे हे पहिले. ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’ वापरून तो क्रम सांगता येणे हे दुसरे. जिथे इंग्रजी फक्त त्या एका तासिकेतच कानावर पडते, तिथे प्रश्न वेगळा असतो. शिक्षकाचे बोलणे हाच भाषेचा मुख्य पुरवठा ठरतो आणि त्याचीही आखणी करावी लागते.

उद्दिष्ट आणि शब्दांची निवड

‘इन, ऑन, अंडर शिकवणे’ हे उद्दिष्ट नव्हे. तो शिक्षकाचा कार्यक्रम झाला. ‘वर्गात लपवलेला चेंडू शोधण्यासाठी मुले “इज इट अंडर द चेअर?” असे विचारतील आणि उत्तरावरून पुढचा अंदाज बांधतील’ हे उद्दिष्ट. असे लिहिले की कृती, साधने आणि मूल्यमापन तिन्ही त्यातूनच निघतात. याच वाक्यात तीन थर वेगळे करता येतात : मुलांना फक्त समजली तरी पुरेल अशी भाषा, अखंड तुकडा म्हणून पाठ होणारी भाषा आणि मुले स्वतः जुळवून बोलतील ती भाषा. हे थर वेगळे न केल्यामुळेच ‘मुलांना काहीच येत नाही’ अशी तक्रार जन्माला येते.

व्याकरणाच्या बाबतीतही संयम लागतो. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी 1974 मध्ये स्पॅनिश आणि चिनी भाषक मुलांच्या इंग्रजीची तुलना केली. घरच्या भाषा इतक्या वेगळ्या असूनही इंग्रजीचे प्रत्यय आणि छोटे शब्द त्यांच्या बोलण्यात बऱ्याच अंशी सारख्याच क्रमाने स्थिरावत होते. क्रियापदाचे ‘-इंग’ लवकर येते. ‘ही रन्स’ मधला ‘स’ फार उशिरा. एका तासात तो ‘स’ पक्का करण्याचे उद्दिष्ट ठेवणे म्हणजे मुलांवर आणि स्वतःवर अन्याय.

शब्दसंग्रहाबाबत मिळालेला एक निष्कर्ष पाठ्यपुस्तकांच्या मांडणीला छेद देणारा आहे. थॉमस टिंकम यांनी 1993 मध्ये आणि रॉब वॉरिंग यांनी 1997 मध्ये दाखवले की, एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि लक्षात राहायला जास्त वेळ लागतो. दहा रंग एकाच दिवशी किंवा ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच तासात शिकवणे यामुळेच त्रासदायक ठरते. एखाद्या प्रसंगात सोबत येणारे शब्द, जसे ‘फ्रॉग’, ‘ग्रीन’, ‘जंप’, ‘पाँड’, जास्त सहज बसतात. पाठ्यपुस्तकातला एकगठ्ठा धडा शिकवणे भाग असेल तर तो दोन-तीन तासांत विभागावा, एवढे तरी शिक्षकाच्या हाती असते.

एक पाठ जवळून

पस्तीस मिनिटांचा तास, सहा-सात वर्षांची मुले. टेबल, खुर्ची, दप्तर, खोके यांची इंग्रजी नावे त्यांना ठाऊक आहेत. ‘इन’, ‘ऑन’, ‘अंडर’ नवे.

पहिली आठ-दहा मिनिटे फक्त ऐकणे आणि करणे. शिक्षक चेंडू घेऊन ‘पुट द बॉल अंडर द चेअर’ म्हणतो आणि तसे करून दाखवतो. मग दोघे-तिघे करतात, मग इतर. इथे दोन फसव्या जागा आहेत. शिक्षक बोलता बोलता हाताने दिशा दाखवत राहिला, तर मुले शब्द ऐकतच नाहीत, हात पाहून काम करतात. म्हणून काही फेऱ्यांनंतर हात पाठीमागे गेला पाहिजे. दुसरी जागा अशी की ‘इन’ कायम खोक्याबरोबर आणि ‘ऑन’ कायम टेबलाबरोबर आले, तर वस्तूचे नाव ऐकूनच उत्तर कळते. ‘ऑन द बॉक्स’ आणि ‘अंडर द बॉक्स’ मुद्दाम घालावे लागतात. ही वाक्ये ऐनवेळी सुचत नाहीत. टाचणात ती लिहून ठेवलेली बरी.

पुढे खेळ. एक मूल डोळे मिटते, चेंडू लपवला जातो, मग ते ‘इज इट इन द बॅग?’ असे विचारत शोधते. वर्ग रंगतो, पण नीट पाहिले तर प्रश्न एकच मूल विचारते आहे आणि बाकी सगळे फक्त ‘येस’, ‘नो’ म्हणत आहेत. म्हणून दोन-तीन फेऱ्यांनंतर हाच खेळ जोडीत न्यावा : प्रत्येकाकडे खोलीचे एक साधे चित्र, त्यात गुपचूप एक खूण करायची आणि जोडीदाराने प्रश्न विचारून ती शोधायची. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलणे खरेच भाग पडते. काही मिनिटांत प्रत्येक मूल अनेकदा प्रश्न विचारते आणि शिक्षकाला फिरून ऐकायला मोकळीक मिळते.

शेवटी शांत कृती. शिक्षक सांगेल तसे चित्र काढायचे : ‘ड्रॉ अ बॉल अंडर द टेबल.’ उसळवणाऱ्या आणि स्थिरावणाऱ्या कृतींचा तोल हा बालवर्गाच्या आखणीतला अनुभवी भाग आहे. धावपळीचा खेळ शेवटी ठेवला तर त्याची किंमत पुढच्या तासाच्या शिक्षकाला मोजावी लागते. शिवाय ही चित्रे म्हणजे प्रत्येक मुलाला काय समजले याचा लेखी पुरावा असतो, वेगळी चाचणी घ्यावी लागत नाही.

ज्या भाषांत स्थान सांगणारा शब्द नामाच्या मागून येतो, उदाहरणार्थ मराठी, जपानी किंवा तुर्की, त्या भाषांची मुले ‘टेबल अंडर’ म्हणण्याची शक्यता असते. अशी अडचण आधीच हेरून टाचणात नोंदवली की ऐनवेळी गोंधळ होत नाही.

शिक्षकाचे बोलणे

आखणीत सर्वांत दुर्लक्षित राहतो तो हा भाग. सूचना छोट्या, एका वेळी एक, आणि शक्यतो करून दाखवलेल्या असाव्यात, ‘समजले का?’ असे विचारण्यापेक्षा एका जोडीकडून खेळाची पहिली फेरी सर्वांसमोर करून घेणे भरवशाचे. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांमधील संवाद तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असे आढळले. थांबण्याचा काळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला हा अवकाश अधिकच लागतो.

चुका दुरुस्त करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मुलाचे वाक्य सुधारून परत म्हणणे. ‘ही गो होम’ म्हटले की ‘येस, ही वेंट होम’. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 मध्ये दाखवले की शिक्षक हीच पद्धत सर्वांत जास्त वापरतात आणि तिला विद्यार्थ्यांकडून प्रतिसाद सर्वांत कमी मिळतो. कारण मुलांना ती दुरुस्ती वाटतच नाही, होकार वाटतो. गोष्ट किंवा खेळ रंगात असताना तेवढे पुरे. मात्र जी रचना त्या दिवशीचे उद्दिष्ट आहे, तिथे किंचित थांबून मुलालाच पुन्हा म्हणू देणे उपयोगी पडते.

घरच्या भाषेवरची बंदी हा काही शाळांचा अभिमानाचा विषय असतो. एका भाषेत मिळालेले वाचनाचे कौशल्य आणि संकल्पना दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात, हे कमिन्स यांचे प्रतिपादन बंदीच्या विरोधात जाते. वेल्समध्ये केन विल्यम्स यांनी 1990 च्या दशकात एकाच पाठात दोन भाषा ठरवून वापरण्याची रीत मांडली. ती ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ या नावाने जगभर गेली. खेळाचे किचकट नियम घरच्या भाषेत सांगून खेळ पूर्ण इंग्रजीत खेळणे, ही साधी वाटणी वेळ वाचवते आणि घाबरलेल्या मुलाला आधार देते. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागे लगेच भाषांतर जोडणे मात्र टाळावे. मुले मग भाषांतराचीच वाट पाहतात.

आराखडे

सादरीकरण, सराव आणि मुक्त वापर हा तीन टप्प्यांचा आराखडा जुना आणि अजूनही खूप प्रचलित आहे. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील शाळांमध्ये राबवलेल्या बंगळुरू प्रकल्पाने क्रम उलटा केला : आधी विचार करायला लावणारे काम, भाषा त्या ओघात. जेन विलिस यांनी 1996 मध्ये कार्याधारित, म्हणजे एखादे काम पूर्ण करण्याभोवती बांधलेल्या, पाठाचा आराखडा मांडला. बालवर्गात गोष्टीभोवती गुंफलेला पाठ या सगळ्यांना सामावून घेतो, कारण चांगल्या गोष्टीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि मुले ते न कंटाळता ऐकतात.

लेखन-वाचन कधी आणायचे हा वेगळा निर्णय आहे. इंग्रजीत अक्षरे 26, पण ध्वनी सुमारे 44. त्यामुळे अक्षरांची नावे पाठ झाली तरी वाचता येत नाही. ध्वनी आणि अक्षर यांची जोडी थोडी थोडी, आणि कानाला व जिभेला आधीच ओळखीच्या झालेल्या शब्दांतून, दिली तर मुलाने वाचलेल्या शब्दाला अर्थही असतो.

मूल्यमापन आणि उजळणी

भाषेतील प्रगतीच्या पायऱ्या ठरवणाऱ्या, युरोप परिषदेच्या (काउन्सिल ऑफ युरोप) भाषाचौकटीत 2018 च्या पुरवणीने ए-1 या सुरुवातीच्या पायरीच्याही आधीच्या पायरीची वर्णने दिली. शिकण्याच्या अगदी सुरुवातीला असलेल्या मुलांची प्रगती शब्दांत पकडायला ती उपयोगी आहेत. रोजच्या आखणीत मात्र प्रत्येक तासाला तीन-चार मुले ठरवून त्यांच्याकडे कान देणे अधिक शक्य कोटीतले. सगळ्यांवर लक्ष ठेवायचे ठरवले की बोलक्या मुलांचेच ऐकले जाते.

शिकलेले वेगाने विसरते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच प्रयोगांनी दाखवले होते. म्हणून उजळणीच्या तारखा टाचणातच पडलेल्या असाव्यात : दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने, आणि दर वेळी वेगळ्या कृतीतून. तास संपल्यावर लिहिलेल्या दोन ओळी इथे उपयोगी पडतात. ‘पाच मुलांनी चेंडू खोक्यात काढला, सांगितला होता खोक्यावर, जोडीखेळाला वेळ कमी पडला’ एवढी नोंद असली तरी पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटे कशासाठी वापरायची ते ठरते.