सोमवारी मटण का आठवत नाही?

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांगेत थांबलेल्या कुणालाही विचारून बघा, भावा मटणाशिवाय किती दिवस काढशील, तो म्हणणार दोन दिवस म्हणजे लई झालं. आणि हाच गडी सोमवारी शंकराचा वार म्हणून खात नाही, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, घरात कुणी अंबाबाईचा शुक्रवार धरलेला असला तर तोही गेला, वर एकादशी-संकष्टी हायेतच आणि श्रावण लागला की महिनाभर शटर डाऊन. बरं, ह्या वारी तो काही तळमळत बसत नाही. सोमवारी त्याला मटण आठवतच नाही. बुधवारी मात्र दुपारी चारलाच कामावरून घरी फोन, काय केलंय आज, रस्सा टाकलाय का.

तलफ म्हणजे शरीराला काहीतरी कमी पडलंय म्हणून ते मागतंय असं आपण धरून चालतो. चॉकलेट खावंसं वाटलं की मॅग्नेशियम कमी, खारट खावंसं वाटलं की मीठ कमी, असले मेसेज तर रोज फिरत असतात. बहुतेक वेळा ह्यात तथ्य नसतं. एक ठळक अपवाद आहे, माती, खडू, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटणं, त्यामागं बऱ्याचदा लोह कमी असतं आणि त्याला रक्त तपासून घ्यावं. पण भेळ खावीशी वाटणं ही काही कसली कमतरता नव्हे. तसं असतं तर शरीरानं सोमवारी पण मटण मागितलं असतं.

ह्याचं उत्तर मला सगळ्यात चांगलं सापडलं ते सिगरेटवरच्या अभ्यासात. तेल अवीव युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ रूव्हेन दार आणि त्यांचे सहकारी, त्यांनी सिगरेट ओढणारे विमान कर्मचारी घेतले. विमानात ओढायला बंदी, म्हणजे तिथं प्रश्नच नाही. तीच माणसं एकदा काही तासांच्या छोट्या फ्लाइटवर आणि एकदा लांब पल्ल्याच्या फ्लाइटवर, आणि मधे मधे विचारायचं की आत्ता किती तलफ आलीय. शरीरातलं निकोटिन कमी होण्यावर सगळं असतं तर जेवढे तास जास्त तेवढी तलफ जास्त असायला पाहिजे होती. पण निघालं भलतंच. विमान उतरायला आलं की तलफ चढायची, फ्लाइट छोटी असू दे नाहीतर मोठी. छोटी फ्लाइट उतरताना ज्याचा जीव कासावीस व्हायचा तोच माणूस लांबच्या फ्लाइटवर तेवढेच तास झालेले असताना बऱ्यापैकी निवांत असायचा, कारण अजून अर्धा प्रवास बाकी आहे हे त्याला माहीत होतं. ह्याच दार यांनी त्याआधी 2005 मध्ये शनिवारचा शब्बाथ कडक पाळणाऱ्या ज्यू लोकांवर पण अभ्यास केला होता, धर्मानं त्या दिवशी सिगरेट बंद. इतर वारी ओढू नका म्हणून थांबवलं तर जेवढी तलफ यायची त्यापेक्षा शब्बाथला कमी यायची. आता सांगा, ह्यात आणि आपल्या सोमवारात काय फरक आहे.

म्हणजे तलफ येते ती मिळण्याची शक्यता दिसली की. दारच बंद आहे म्हटल्यावर मेंदू पण फार वेळ कडी वाजवत बसत नाही.

ह्यामागं डोपामिन नावाचं रसायन आहे, आणि त्याच्याबद्दल एक गैरसमज लई पसरलाय की ते आनंदाचं रसायन आहे. मिशिगन युनिव्हर्सिटीचे केंट बेरिज यांनी उंदरांवर बघितलं की मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून टाकलं तर उंदीर स्वतःहून खायलाच जात नाहीत, नळीनं भरवावं लागतं, पण तोंडात साखरेचं पाणी टाकलं की ते पहिल्यासारखेच ओठ चाटतात, म्हणजे चव आवडतेच. आवडणं वेगळं आणि हवंसं वाटणं वेगळं, दोन्हीची यंत्रणा वेगळी, आणि डोपामिन मुख्यतः दुसऱ्याशी जोडलेलं. शिवाय सवय झाली की ते पदार्थ तोंडात पडायच्या आधीच, नुसत्या खुणेवर सुटायला लागतं. खूण कसलीही चालते. संध्याकाळी उद्यमनगरातून सुटायचं, मिरजकर तिकटीवरून खासबागेकडं वळलं की कांदा चिरल्याचा, चिंचेच्या पाण्याचा वास, आणि गाडी आपोआप स्टँडला लागते. भूक होती का? जाऊन विचारलं तर भेळेच्या गाड्यावरचा निम्मा पब्लिक म्हणेल, नाही ओ, चारलाच तर चहा-बटर झालंय.

वेळ पण एक खूणच आहे. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन 1999 मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. ते प्रामुख्यानं जठरातून येतं आणि आपण रोज ज्या वेळेला खातो त्या वेळेच्या आधी वाढतं. उपवासाच्या दिवशी पण जेवणाच्या वेळेला ते चढतं आणि काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळानं आपलं आपण खाली येतं, म्हणून तर एकला कडकडून लागलेली भूक तीनला गेलेली असते.

मग लोक काय करतात, एक जानेवारीपासून सगळं बंद. मिसळ बंद, वडा बंद, गोड बंद. आणि इथं सोमवारचं गणित लागू होत नाही, कारण सोमवारी नियम देवाचा असतो, त्यावर घासाघीस नसते, आणि मंगळवार उजाडणार आहे हे माहीत असतं. स्वतःच केलेली बंदी कधीपण मोडता येते, म्हणजे दार बंद नाहीच, नुसतं लोटलेलं आहे. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी एक प्रयोग केला, चवीची टेस्ट आहे असं सांगून मुलींना बोलावलं, काहींना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम पाहिजे तेवढं खा म्हणाले. एरवी पोटात मिल्कशेक गेल्यावर आइस्क्रीम कमीच जाणार, आणि ज्या खाण्यावर फारसं बंधन ठेवत नव्हत्या त्यांचं तसंच झालं. ज्या डाएटवाल्या होत्या त्यांचं उलटं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं. आता बिघडलंच हाय तर बिघडू दे, हे वाक्य कोल्हापुरात जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरीकडं ऐकलं नाही.

आणि उपाशी राहून तर तलफ अजूनच माजते. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, 1944-45 मध्ये मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, ते स्वयंसेवक होते. त्यातले काही जण पुढं पुढं पाककृतींची पुस्तकं जमवून वाचायला लागले, बोलणं खाण्याचं, स्वप्नं खाण्याची. डबा न खाता संध्याकाळी सातपर्यंत राहणाऱ्यानं रंकाळा चौपाटीवर स्वतःवर ताबा ठेवायच्या गप्पा मारू नयेत.

म्हणून माझं म्हणणं असं की पदार्थ बंद करू नका, त्याचा वार ठरवा. मिसळ रविवारी सकाळी, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या माणसांबरोबर, आणि बाकी सहा दिवस तो विषयच नाही. बुधवारी मित्र म्हणाला चल रे, तर "नाही, डाएटवर आहे" म्हणायचं नाही, त्यावर तो अर्धा तास डोकं खातो, "रविवारी जाऊ की" म्हणायचं. हे आपल्याला लहानपणापासून येतंय, मटणाच्या बाबतीत आख्खं शहर तेच करतंय. फक्त वार पाळणं म्हणजे उपवास नव्हे हे लक्षात ठेवा, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचे वेफर्स आणि दोन केळी असला उपवास तब्येतीसाठी करत असाल तर न केलेला बरा.

आता रविवारची ती मिसळच जरा जवळून बघू. ताटलीत तळाला मटकीची उसळ, ती खरं तर उत्तम, प्रोटीन आहे, फायबर आहे, मोड आलेले आहेत. त्यावर फरसाण, तेलात तळलेलं बेसन. त्यावर कट, आणि कटावर तरंगतीय ती तर्री. बाजूला ब्रेडच्या जाड स्लाइस, कांदा, लिंबू. मिसळीत जास्त अडचण करणाऱ्या दोन गोष्टी आहेत, फरसाण आणि ब्रेड, आणि ह्या दोन्ही आपण जास्तीच्या मागून घेतो, उसळ कुणी मागत नाही. उसळ जादा, फरसाण वेगळ्या वाटीत, कट खालून ढवळून न घेता तर्री बाजूला करून, एवढं सांगितलं तर मालक एकदा वळून बघतो आणि देतो.

आणि आधी चार-पाच चमचे उसळ आणि कांदा खावा, ब्रेड नंतर. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजात 2015 मध्ये टाइप 2 डायबेटिसच्या 11 लोकांवर बघितलं गेलं, जेवण तेच, एकदा आधी ब्रेड आणि ज्यूस आणि मग चिकन-भाजी, दुसऱ्या वेळी उलटं. भाजी-चिकन आधी गेलं तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्के कमी भरली. 11 म्हणजे काही मोठा आकडा नाही, पण करायला फुकट आहे आणि घरी पण जमतं, भाकरी मोडायच्या आधी काकडी, मुळा, मेथीची पेंडी जे असेल ते. आमच्याकडं जुनी माणसं कच्ची मेथी तोंडी लावून खातात ते उगीच नाही.

तिखटाचं पण सांगतो. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला (संवेदना पकडणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतं तो रिसेप्टर खरा उष्णता ओळखायला आहे, साधारण 43 अंशाच्या वरची, म्हणून तोंड "भाजतं". हे डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये दाखवलं आणि त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तर्री एवढी जाळ असते आणि म्हणून वर कितीपण पाणी प्या, काही फरक पडत नाही. मग लोक कोल्ड्रिंक मागवतात. तिथं खरा घोटाळा, कारण मिसळीपेक्षा त्या बाटलीतली साखर जास्त नडते आणि तोंड पण फारसं थंड होत नाही. दही किंवा ताक घ्या, दुधातलं केसिन नावाचं प्रोटीन ती आग उतरवतं. गूळ घातलेलं सरबत चालतंय का असं पण विचारतात. गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात राहून हे बोलणं म्हणजे मार खायची कामं आहेत, पण गूळ हा मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपली साधी साखरच आहे, चव भारी, रक्तातल्या साखरेला मात्र फार वेगळा वाटत नाही.

मिसळीपेक्षा मला भीती वाटते ती रोजच्या पुड्यांची. चहाबरोबरची क्रीमची बिस्किटं, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना महिनाभर दवाखान्यातच ठेवून घेतलं, दोन आठवडे असलं कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं खाणं, दोन आठवडे साधं शिजवलेलं. समोर ठेवलेल्या अन्नात कॅलरी, साखर, चरबी, मीठ, फायबर सगळं सारखं जुळवलेलं, पाहिजे तेवढं खा म्हणून सांगितलेलं. पुड्यातल्या खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली, आणि खायचा वेग पण जास्त होता. ज्वारीची भाकरी चावायला जबडा हलवावा लागतो, पोटातून भरल्याचा निरोप मेंदूकडं जायला वेळ लागतो, तो वेळ भाकरी देते, वेफर्स देत नाहीत. हे पुडे वारात बसवायच्या भानगडीत पण पडू नका, सरळ घरात आणूच नका, फुटाणे-शेंगदाणे डब्यात ठेवा.

झोपेचं राहिलंच. गोकुळ शिरगावला, शिरोलीला नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी हे वाचावं, 2004 मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत 12 तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं तर घ्रेलिन 28 टक्के वाढलं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन 18 टक्के घटलं, आणि मन धावलं ते गोड आणि खारट खाण्याकडं. शिफ्ट सुटल्यावर सकाळी वडापावच्या गाड्यावर जी गर्दी असते ती काही चवीचीच नसते. तिथं इच्छाशक्तीचं भाषण देण्यापेक्षा घरून निघताना दोन उकडलेली अंडी आणि भाकरी बांधून घेणं जास्त कामाचं.

आणि तरी मधेच, भलत्या वारी, तलफ आलीच तर? ती टिकते ती डोक्यात चित्र चालू राहतं म्हणून, तो गाडा, ती कढई, तो चर्र आवाज. प्लिमथ युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी लोकांना तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा व्हिडिओ गेम, खेळायला दिलं तर तलफेचा जोर कमी झाला, कारण डोळ्यांसमोर चित्र रंगवणारी मेंदूतली जागा त्या ठोकळ्यांनी अडवली. मोबाईल खिशात असतोच, फक्त त्यात रीलवर कुणाचातरी तांबडा रस्सा उकळताना बघू नका म्हणजे झालं.

वार अंगवळणी पडायला किती दिवस लागतात म्हणाल तर 21 दिवसांची जी गोष्ट सांगतात ती सोडून द्या. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली यांच्या अभ्यासात, 96 लोक होते, सवय आपोआप व्हायला साधारण 66 दिवस धरले गेले, पण कुणाला 18 तर कुणाला 254. पाणी पिण्यासारखं सोपं काम लवकर बसलं, व्यायामाला वेळ लागला. आणि मधे एखादा दिवस चुकला तर त्यानं फारसं काही बिघडलं नाही, त्यामुळं बुधवारी पाहुणे आले आणि मिसळ झालीच, तर रविवारची जशीच्या तशी ठेवा, कापाकापी करू नका.

फक्त कुणी चोरून, पोट दुखेपर्यंत खातंय, थांबताच येत नाही आणि नंतर तोंड लपवून बसतंय, असं वारंवार होत असेल तर त्याला वार-बिर सांगत बसू नका, डॉक्टरांकडं न्या. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी पण जेवणाच्या वेळा बदलायच्या आधी विचारून घ्यावं.